यशवंतरावांची ‘जीवनी’ की चरित्र?

इंदूरच्या एका वाचकांनी विचारलं आहे: ना. सं. इनामदारांची ‘झुंज’ ही कादंबरी वाचून झाल्यावर एका बैठकीत ते म्हणाले, “यशवंतराव होळकरांची फार सुंदर जीवनी आहे.” तिथल्या एका ज्येष्ठ बाईंनी त्यांना अडवलं. मराठीत जीवनी नाही, चरित्र म्हणतात. आणि ‘झुंज’ हे चरित्रही नाही. या वाचकांचा गोंधळ असा की चरित्र म्हणजे तर माणसाचं वागणं. शाळा सोडताना ‘चरित्र प्रमाण पत्र’ मिळतं, त्यातलंच ना ते? आणि मग आत्मचरित्र, आत्मकथा, आठवणी हे सगळं एकच की वेगवेगळं?

बाईंचं दोन्ही म्हणणं बरोबर आहे. गोंधळही साहजिक आहे, कारण एकच संस्कृत शब्द मराठी आणि हिंदीने दोन टोकांनी धरला आहे.

‘चर्’ म्हणजे चालणं, वागणं. त्यापासून ‘चरित’ आणि ‘चरित्र’ हे दोन्ही शब्द आले. माणूस कसा वागतो आणि त्याने आयुष्यात काय काय केलं, हे दोन्ही अर्थ संस्कृतात होते. आजच्या हिंदीने पहिला अर्थ उचलला, मराठीने दुसरा. पहिल्या अर्थासाठी मराठीने निराळा शब्द ठेवला: चारित्र्य. म्हणून महाराष्ट्रात पोलिसांकडून होते ती ‘चारित्र्य पडताळणी’ आणि निवडणुकीत होतं ते ‘चारित्र्यहनन’. मध्य प्रदेशातल्या शाळेचा तो कागद हिंदीत अगदी बरोबर आहे. मराठीत बोलताना मात्र त्याला ‘चारित्र्याचा दाखला’ म्हणावं. हिंदी वाचणाऱ्याला मराठी अर्थ लक्षात ठेवायचा असेल तर ‘रामचरितमानस’ आठवावं. त्यातलं ‘चरित’ म्हणजे रामाचा स्वभाव नव्हे, रामाने केलेल्या गोष्टी.

याच गोंधळाची आणखी एक शाखा इंदुरात पुष्कळदा ऐकू येते: “या कादंबरीतलं माझं आवडतं चरित्र तुळसाबाई.” इथे हवा आहे ‘पात्र’ किंवा ‘व्यक्तिरेखा’. कादंबरीत पात्रं असतात. चरित्रात चरित्रनायक किंवा चरित्रनायिका असते आणि बाकीची असतात ती माणसं. त्यांना पात्रं म्हणू नये, ती खरोखर होऊन गेली.

‘जीवनी’ मराठीत का रुजली नाही, हे तिचं अनेकवचन करायला गेलं की कळतं. दोन जीवनी? दोन जीवन्या? जीभ अडखळते. शिवाय त्या शब्दाला पुढे फांद्या फुटत नाहीत. चरित्रापासून चरित्रकार, चरित्रग्रंथ, चरित्रलेखन, चरित्रपट असे शब्द तयार आहेत आणि रोज वापरात आहेत. घरी हिंदीत बोलताना जीवनी खुशाल म्हणा, तो चांगला हिंदी शब्द आहे. मराठी वाक्यात त्याची गरज नाही.

आता दुसरा मुद्दा, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो: ‘झुंज’ चरित्र का नाही?

ही वाटणी फार जुनी आहे. सातव्या शतकात बाणभट्टाने दोन गद्य ग्रंथ लिहिले. हर्षराजावरचं ‘हर्षचरित’ आणि काल्पनिक प्रेमकथेची ‘कादंबरी’. पहिल्याला त्याने आख्यायिका म्हटलं, दुसरीला कथा. अमरकोशात भेद दिला आहे तो असा: ‘आख्यायिकोपलब्धार्था’, म्हणजे जिचा विषय आधीपासून माहीत आहे ती आख्यायिका, आणि ‘प्रबन्धकल्पना कथा’, म्हणजे कल्पनेने रचलेली ती कथा. मराठीने बाणाच्या नायिकेचंच नाव सगळ्या साहित्यप्रकाराला दिलं. कन्नडमध्येही ‘कादंबरी’च म्हणतात, गुजरातीने ‘नवलकथा’ घेतला, हिंदीने ‘उपन्यास’. (तोच ‘उपन्यास’ कन्नड-तेलुगूत व्याख्यानाला म्हणतात.) म्हणजे कादंबरी हा शब्द उच्चारला की रचलेली गोष्ट हे त्यात आलंच, पुढे ‘ऐतिहासिक’ लावल्याने ते पुसलं जात नाही. आख्यायिकेचं मात्र मराठीत पार उलटं झालं. आज आपण आख्यायिका म्हणतो ती जिला पुरावा नाही अशी सांगोवांगीची गोष्ट.

पुस्तक हातात असताना दोहोंतला फरक भाषेवरूनच ओळखता येतो. चरित्रकाराचं सर्वांत कामाचं क्रियापद म्हणजे ‘असावा, असावी, असावं’. त्याच्या जोडीला ‘दिसतं’, ‘म्हणतात’, ‘पत्रावरून कळतं’. पुण्याच्या लढाईचंच उदाहरण घेऊ. २५ ऑक्टोबर १८०२ ला यशवंतरावांनी हडपसरजवळ शिंदे-पेशव्यांच्या फौजांचा पराभव केला आणि दुसरा बाजीराव पळाला. हेच तीन तऱ्हांनी लिहून पाहिलं (तिन्ही वाक्यं उदाहरणापुरती इथेच रचलेली आहेत):

चरित्र: “बाजीराव पुण्यात थांबणार नाही, असा यशवंतरावांचा अंदाज असावा.”

कादंबरी: “‘श्रीमंत आता थांबायचे नाहीत,’ यशवंतराव पुटपुटले आणि त्यांनी घोड्याच्या मानेवरून हात फिरवला.”

बखर, म्हणजे जुन्या काळची गद्यातली ऐतिहासिक हकिकत: “होळकर याणीं चालोन घेतलें, एकच कहर जाहला, श्रीमंतांचे चित्तीं परम खेद प्राप्त जाहला.”

पहिल्या वाक्यातलं ‘असावा’ काढा, की ते चरित्रातून निसटून कादंबरीत जातं. दुसऱ्या वाक्यात ‘असावा’ घातला तर कादंबरी कोसळते. “हात फिरवला असावा” असं कोण वाचेल? म्हणून कादंबरीतले संवाद भाषणात ‘महाराज म्हणाले’ म्हणून सांगितले जातात तेव्हा चूक होते ती तिथेच. ते वाक्य महाराजांच्या तोंडी लेखकाने घातलेलं असतं. लेखकाने फसवलेलं नसतं, मुखपृष्ठावर ‘कादंबरी’ छापलेलं असतं. आपण ते वाचत नाही, एवढंच.

वाचायला बसण्याआधी दोन मिनिटं घालवून शीर्षकपान पाहावं, मग शेवटची पानं. संदर्भसूची, तळटीपा, वंशावळ, शकावली (सालवार घटनांची यादी) असतील आणि मजकुरात अवतरणचिन्हांतले संवाद जवळजवळ नसतील, तर ते चरित्र. नुसत्या संदर्भसूचीवर मात्र विसंबू नये, कारण चांगले कादंबरीकारही ती देतात. त्यांनी अभ्यास केलेला असतो, पण सूची पुस्तकाला जोडलेली असते, वाक्याला नाही. कोणतं वाक्य कोणत्या कागदावरून आलं हे तिच्यावरून सांगता येत नाही. तळटीप ते सांगते.

‘चरित्रात्मक कादंबरी’ हा शब्द या घोटाळ्यावरचा चांगला उपाय आहे. त्यात कादंबरी हे नाम आणि चरित्रात्मक हे विशेषण. घोडा कोण आणि खोगीर कोण हे स्पष्ट कळतं. माधवराव पेशव्यांवरची रणजित देसाईंची ‘स्वामी’ (१९६२) आणि यशवंतरावांवरची ‘झुंज’ दोन्ही या नावाखाली नीट बसतात. कर्णावरच्या किंवा ययातीवरच्या कादंबऱ्यांना ऐतिहासिक म्हणू नये, त्या पौराणिक.

बखर या दोहोंच्या मध्ये उभी आहे. ‘खबर’मधल्या अक्षरांची उलटापालट होऊन बखर झाली, असं साधारणपणे सांगतात. सभासदाने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीत शिवाजी महाराजांची बखर लिहिली. मल्हार रामराव चिटणिसांच्या बखरीचं तर नावच ‘सप्तप्रकरणात्मक चरित्र’ आहे. तरी वरच्या नमुन्यात दिसेल की बखरकार ‘असावे’ लिहीत नाही. तो थेट मनात शिरतो. म्हणून तिचा पुरावा म्हणून उपयोग करायचा तर दुसऱ्या कागदाशी ताडून. चरित्र हा शब्द त्याहून जुना आहे. तेराव्या शतकातलं म्हाइंभटाचं ‘लीळाचरित्र’ महानुभाव पंथाच्या चक्रधरांना पाहिलेल्या माणसांकडून आठवणी गोळा करून रचलेलं आहे. म्हणजे मराठी गद्याची सुरुवातच चरित्राने आणि आठवणींनी झाली.

आता स्वतःविषयीचं लेखन. आत्मचरित्र, आत्मवृत्त आणि आत्मकथा यांत अर्थाचा फरक थोडा आहे. धोंडो केशव कर्व्यांनी १९१५ मध्ये ‘आत्मवृत्त’ नाव निवडलं. वृत्त म्हणजे घडलेलं, हकिकत, आणि ते त्यांच्या साध्या, अहवालासारख्या लेखनाला शोभतं. ‘आत्मकथा’ हिंदी-गुजरातीत जास्त चालते, पण मराठीतही परकी नाही. ती बिनधास्त वापरा. दलित लेखकांच्या लेखनाला, म्हणजे दया पवारांच्या ‘बलुतं’पासून (१९७८) पुढे, समीक्षेत ‘आत्मकथन’ किंवा ‘स्वकथन’ रूढ झालं. त्याला कारण आहे. आत्मचरित्र म्हटलं की कर्तृत्व सिद्ध झालेल्या माणसाने उतारवयात मागे वळून पाहणं असं गृहीत धरलं जाई. इथे तरुण माणसं स्वतःबरोबर साऱ्या वस्तीचं जगणं सांगत होती.

‘आठवणी’ ही मात्र वेगळी जात. आत्मचरित्रात मध्यभागी मी असतो. आठवणींत मध्यभागी दुसरं कुणीही असू शकतं. रमाबाई रानड्यांच्या १९१० च्या पुस्तकाचं नाव नीट वाचा: ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’. ‘आमच्या’ म्हणजे दोघांच्या, आणि ‘काही’ म्हणजे सगळं सांगण्याचा दावा नाही. त्यामुळे त्यात अमुक साल का नाही, असं विचारायचं कारणच उरत नाही. हिंदीतल्या ‘संस्मरण’ला मराठीत आठवणीच म्हणावं, आपल्याकडे ‘संस्मरणीय’ आहे, पण या प्रकाराचं नाव म्हणून ‘संस्मरण’ रुळलेलं नाही. तसंच हिंदीतलं ‘रेखाचित्र’ मराठीत ‘व्यक्तिचित्र’ होतं. मराठी वाचक रेखाचित्र ऐकून पेन्सिल शोधेल.

शेवटी लिंग. चरित्र आणि आत्मचरित्र नपुंसकलिंगी, कादंबरी आणि बखर स्त्रीलिंगी. हिंदीच्या सवयीने ‘चरित्र चांगला आहे’ निघतं. ते ‘चरित्र चांगलं आहे’. म्हणजे बैठकीतलं तुमचं वाक्य असं होईल: “यशवंतराव होळकरांवरची फार सुंदर चरित्रात्मक कादंबरी आहे.”