डोळे पिवळे नाहीत, मग लिव्हर ठीकच ना?

"दारूच्या थेंबाला कधी शिवलो नाही, मग लिव्हर कसं बिघडलं?" हा प्रश्न समुपदेशन कक्षात नेहमी येतो. ४८ वर्षांचे एक माळकरी गृहस्थ याच प्रश्नाने पार खचून आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं आणि भावकीत कुजबुज सुरू झाली, माळ घालून हा चोरून पितो. आजारापेक्षा त्यांना हेच जास्त लागलं होतं.

वहिनींना शेजारी बसवून आधी तेवढंच बोलले. वाढलेली शुगर आणि पोटाचा घेर एवढ्यानेही लिव्हरमध्ये चरबी साठते. आपल्याकडे पुरुषांची कंबर ९० सेंटीमीटरच्या आणि बायकांची ८० च्या पुढे गेली की सावध व्हावं. यांची १०२ होती, शिवाय शुगर.

मग त्यांनी हळूच सांगितलं, की रोज सकाळी आरशासमोर खालची पापणी ओढून ते डोळे बघायचे. पिवळे नसले की दिवसभर निर्धास्त. माणसं फसतात ती इथेच. फॅटी लिव्हरमध्ये कावीळ दिसते तोवर बराच उशीर झालेला असतो. त्याआधी कुणाला विश्रांती घेऊनही न जाणारा थकवा असतो, कुणाला उजव्या बरगडीखाली जडपणा, आणि पुष्कळांना तर काहीच जाणवत नाही. तपासणी केल्याशिवाय कळायला मार्ग नसतो.

त्यांचं एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, ७८ होतं, वाढलेलंच. वय, एसजीपीटी, तसंच दुसरं एन्झाइम एसजीओटी आणि प्लेटलेट्स यांवरून डॉक्टरांनी फिब-४ हा लिव्हर किती कडक झालंय याचा अंदाज देणारा आकडा काढला, तो १.१८ आला. १.३ च्या खाली असला की लिव्हर फार कडक झालेलं असण्याची शक्यता कमी. वजन ८४ किलो; त्यातले सहा-आठ किलो उतरले तर लिव्हरची सूजही उतरू शकते. "एकादशी नि दुप्पट खाशी चालतं आमच्याकडे," वहिनी म्हणाल्या. उपासाचा साबुदाणा आणि दिवसभराचा गोड चहा, तिथूनच सुरुवात ठरली. कुणीतरी दिलेला 'लिव्हर साफ करणारा' काढा मात्र बंद करायला लावला. काही वनौषधींनीच लिव्हरला इजा होते, हे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगते.

पाय सुजले किंवा पोट फुगू लागलं तर डॉक्टरांना लगेच दाखवायचं. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी किंवा बोलण्यात गोंधळ दिसला तर तडक हॉस्पिटल गाठायचं. वहिनींनी हे लिहून घेतलं आणि विचारलं, "धाकट्या भाऊजींनाही शुगर आहे, पण त्यांना काहीच त्रास नाही. त्यांचंही तपासू का?"

हो, याच आठवड्यात.