सोनोग्राफी नॉर्मल, तरी डाग परत पडतोय

प्रश्न : मॅडम, आई ६८ वर्षांची, पाळी जाऊन १७-१८ वर्षं झाली. श्रावणात अंगावरून लाल गेलं म्हणून डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी आतून सोनोग्राफी केली, पिशवीचं अस्तर ३.५ मिमी, पॅप पण नॉर्मल, म्हणाले काही नाही. आता दिवाळीच्या आधी परत दोनदा डाग पडले. आई म्हणते उष्णता आहे, सब्जा पिते, आणि मला कळू नये म्हणून परकर स्वतःच धुवून टाकते. परत न्यायचं का?

उत्तर : हो, या आठवड्यातच न्या, आणि या वेळी अस्तराचा तुकडा काढून तपासायला सांगा.

पहिल्या वेळी डॉक्टरांचं चुकलं असं मी नाही म्हणणार. अस्तर ४ मिमी किंवा कमी असलं तर कॅन्सर निघायची शक्यता एक टक्क्याहून कमी, म्हणून एकदाच डाग पडला तर थांबणं चालतं. पण परत पडला की तो हिशोब संपला. अस्तराचा नेहमीचा कॅन्सर इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनवर पोसतो, अस्तर जाड करतो, म्हणून सोनोग्राफीत दिसतो. सीरस नावाचा दुसरा प्रकार दहात एखादीला, पण तो सुकलेल्या पातळ अस्तरात नाहीतर पॉलिपवर, म्हणजे अस्तरावर वाढलेल्या छोट्या मांसल कोंबावर, गुपचूप बसतो, बारीक बायकांनाही होतो आणि पोटात लवकर पसरतो, त्यामुळे या कॅन्सरच्या मृत्यूंत जवळपास ४० टक्के वाटा त्याचाच. आणि पॅप ही पिशवीच्या तोंडाची तपासणी, तिच्या भरवशावर राहू नका.

ओपीडीतच बारीक नळी घालून तुकडा घेतात, पाळीत दुखतं तसं थोडं दुखतं. या वयात पिशवीचं तोंड आकसलेलं असतं, मग रिपोर्ट येतो 'नमुना अपुरा', आणि इथेच लोक फसतात, अपुरा म्हणजे नॉर्मल नव्हे!! मग दुर्बिणीतून आत बघून घ्यायचा. तुकडा संशयास्पद वाटला तर सीरस आहे का हे ओळखायला त्यावरच पी५३ नावाच्या प्रथिनाची तपासणी होते. आणि सीरस निघालाच तर घाईने जवळच पिशवी काढून घेऊ नका, गायनिक कॅन्सर सर्जनला आधी दाखवा, कारण पोटातला चरबीचा पडदा, लसीका गाठी (लिम्फ नोड) हेही तपासावं लागतं.

पाळी गेल्यावर रक्त जाणाऱ्या १०० जणींत साधारण ९ जणींनाच कॅन्सर निघतो, बहुतेकींचं कारण अस्तर सुकणं नाहीतर पॉलिप. सब्जा पिऊ दे आईला, त्याने काही बिघडत नाही, फक्त डाग पडल्याच्या तारखा तिच्याकडून काढून लिहून न्या, आणि रक्त पातळ करायची किंवा स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेनची गोळी कधी घेतली असेल तर ती चिठ्ठी सोबत ठेवा.