रोजचं दीड लिटर

प्रश्न : माझी खाऱ्या पाण्याची तीन फुटी टाकी आहे. दगड-वाळू सोडून पाणी 150 लिटर. उन्हाळ्यात उकाड्यामुळे पाण्यावर पंखा लावला होता. रोज दीड लिटर पाणी आटायचं, तेवढं समुद्राचं आणून भरायचे. रोज ताजं पाणी पडतंय म्हणून महिनाभर पाणी बदललंच नाही. मृगाच्या पावसात एका रात्री पाच तास लाईट नव्हती. सकाळी तीनपैकी दोन निळे डॅमसेल मासे मेलेले मिळाले, तिसरा दिसलाच नाही. क्लाउनफिशची जोडी वर येऊन तोंडं उघडत होती. घाबरून त्याच दिवशी खाडीच्या तोंडाजवळचं 50 लिटर पाणी आणून बदललं. मामंजी म्हणाले, "दर्याचा पाणी माशांका बाधतला कसा?" पण संध्याकाळपर्यंत मशरूम कोरल (प्रवाळ) आक्रसले, लेदर कोरल मिटला. तो आता चकचकीत दिसतो. पाण्याची घनता आज 1.028 आहे. दुकानदाराने तांब्याचं औषध दिलंय, टाकू का? भाचा मालवणहून नवा कोरल आणून देतो म्हणतो.
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : ताई, औषधाची बाटली आधी टाकीपासून लांब ठेवा. तांबं पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर चालतं, पण ते कोरल, कोळंबी, गोगलगाई यांचा जीव घेतं आणि दगडांत मुरून बसतं. माशांच्या अंगावर ठिपके आहेत असं तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही.

मला काळजी आहे ती न सापडलेल्या तिसऱ्या डॅमसेलची. तो दगडामागे कुजत असेल तर अमोनिया वाढतोय, आणि खाऱ्या पाण्याचा पीएच 8.2च्या आसपास असल्याने त्या अमोनियाचा विषारी हिस्सा गोड्या पाण्यातल्यापेक्षा जास्त असतो. आज रात्रीच दगड एकेक उचलून बघा, पंपाच्या जाळीमागे बघा. मग अमोनिया तपासा. तो शून्यच हवा.

डॅमसेल गेले ते प्राणवायूअभावी. पंप बंद, पाणी कोमट, त्यात मीठ जास्त. अशा पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो. रात्री कोरलसुद्धा तो वापरतात, तयार करत नाहीत. क्लाउनफिश वर येऊन तोंडं उघडत होते ते त्यामुळेच. बॅटरीवर चालणारा हवापंप आणून ठेवा. घरी इन्व्हर्टर असेल तर त्यावर दिवे नकोत, फक्त पंप जोडा. काहीच नसेल तर तांब्याने टाकीतलं पाणी घेऊन वरून पुन्हा टाकीत ओतत राहा. तांब्या मात्र स्टीलचा घ्या.

कोरलचं दुखणं वेगळं आहे आणि जुनं आहे. आटतं ते पाणी, मीठ टाकीतच राहतं. चांगल्या समुद्राच्या पाण्यात लिटरमागे 35 ग्रॅम क्षार असतात, म्हणजे तुमच्या दीड लिटरातून रोज सुमारे 52 ग्रॅम भर पडली. तीस दिवसांत दीड किलोच्या वर. लिटरमागे 35चे 45 झाले, तेही इतके हळू की कोरल कसेबसे निभावत होते. मग एका दिवसात तुम्ही खाडीचं पाणी ओतलंत. आज घनता 1.028, म्हणजे लिटरमागे साधारण 37 ग्रॅम. उलटा हिशेब मांडला तर आणलेलं पाणी 20च्या आसपास असणार. आठ-नऊ ग्रॅमची ही उतरण तासाभरात झाली. त्या धक्क्याने मशरूम आक्रसले.

मामंजींचं म्हणणं डिसेंबरात खरं ठरतं. मीही सुरुवातीची दोन वर्षं रत्नागिरीत भाट्याच्या किनाऱ्यावरून कॅन भरून आणायचो आणि निर्धास्त असायचो. एका जुलैत खारेपणा मोजणारं रिफ्रॅक्टोमीटर घेऊन गेलो तर लिटरमागे 18 ग्रॅम दाखवलं. हिवाळ्यात त्याच जागी 35 मिळालं होतं. पावसात काजळी नदी गाळ आणि गोडं पाणी घेऊन तिथेच समुद्राला मिळते. तेव्हापासून मृग ते दिवाळी मी मत्स्यालयासाठीचं सागरी मीठच वापरतो: लिटरला 36-38 ग्रॅम, आरओच्या पाण्यात, एक दिवस आधी पंप लावून ढवळलेलं. स्वयंपाकाचं मीठ त्याची जागा घेऊ शकत नाही.

आता 37वरून 35वर यायला तुम्हाला जेमतेम आठ लिटर बदलावं लागेल. रोज दोन लिटर टाकीतलं काढा आणि दोन लिटर आरओचं गोडं पाणी हळूहळू सोडा, चार दिवस. घाई करू नका. अमोनिया निघाला तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी 30 लिटर पाणी बदला. ते मिठाचं, आधी मोजून टाकीइतकंच खारट केलेलं हवं. पुढे आटलेल्या पाण्याची भर नेहमी गोड्या पाण्याने. काचेवर मार्करने रेघ मारून ठेवा. विहिरीचं पाणी कितीही नितळ असलं तरी नको, त्यातले नायट्रेट आणि फॉस्फेट डोळ्यांना दिसत नाहीत.

लेदर कोरल चकचकीत दिसतोय, हे वाचून मला बरं वाटलं. तो अधूनमधून मेणासारखी पातळ कात टाकतो आणि त्यासाठी कधी आठवडा, कधी त्याहून जास्त मिटून बसतो. त्याला हात लावू नका, खरवडू नका. जवळून पाण्याचा मध्यम प्रवाह जाऊ द्या. तो काळा पडला, लिबलिबीत झाला, वास येऊ लागला, तरच बाहेर काढा. दिवे पंधरा दिवस सहा तासच ठेवा. अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी फिल्टरमध्ये टाका, खाडीच्या पाण्याबरोबर काय काय आलंय ते आपल्याला माहीत नाही.

भाच्याला मात्र आजच फोन करून थांबवा. दगडी प्रवाळ 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि मालवणचा सागरी भाग 1987पासून अभयारण्य आहे. किनाऱ्यावर वाहून आलेला तुकडासुद्धा घरी आणायचा नाही. तिथल्या खडकांवर जे थोडं उरलंय ते तिथेच जगू दे.

क्लाउनफिश खात नसतील तर दोन दिवस अन्न घालूच नका, न खाल्लेलं अन्नही कुजतं. नवा मासा एवढ्यात नको. अमोनियाचा आकडा आणि तो डॅमसेल सापडला का, एवढं मात्र लगेच कळवा.