शेवटी जी-एच-टी

प्रश्न : सर, इंग्रजी शब्दकोड्यात पाच अक्षरी, शेवटी जी-एच-टी असलेला शब्द पाहिजे. ‘नाइट’च्या पुढे गाडी सरकत नाही. अन् बोलायचंच नाही, तर ते जी-एच ठेवलं काऊन? – एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : भाऊ, ढीगभर आहेत! लाइट, राइट, फाइट, टाइट, माइट, आठवाला एट. साइटही चालेल, पण नजरेची. प्लॉटवाल्यांच्या साइटला जी-एच नसतं. ‘हाइट’ सहा अक्षरी, ती घुसवू नका. हे जी-एच पूर्वी घशातून, ‘ख’च्या जवळपास उच्चारत. जर्मनमध्ये अजून ऐकू येतं : रात्रीला नाख्ट, आठला आख्ट. इंग्रजांच्या तोंडून तो आवाज गेला, स्पेलिंग मात्र छापखान्यांनी धरून ठेवलं. बर्डीवरच्या पाट्यांवर ‘नाइट’ एन-आय-टी-ई असं दिसतं. ग्राहकाला समजतं ना, मग लिहू द्या; कोड्यात तेवढं एक घर रिकामं राहील.