स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू सर्वांत शेवटी

प्रश्न : माझ्याकडे 1988 सालची प्रीमियर पद्मिनी आहे. वडिलांनी ती नवी घेतली होती आणि आजवर घरातच आहे. वर्षभरापासून ताशी 60 किलोमीटरच्या पुढे गेले की गाडी कधी डावीकडे, कधी उजवीकडे सरकते आणि स्टेअरिंग सतत सावरत राहावे लागते. स्टेअरिंग दोन इंच फिरेपर्यंत चाके हलतच नाहीत. दिवाळीत पुढे दोन नवे रेडियल टायर घातले; मागचे साधे टायर जुने आहेत, पण त्यांची नक्षी शाबूत असल्याने तेच ठेवले. आमचे मिस्त्री म्हणतात की स्टेअरिंग बॉक्सचा (स्टेअरिंगचे फिरणे चाकांकडे पोहोचवणाऱ्या गिअरच्या डब्याचा) स्क्रू अर्धा फेरा कसला की काम होईल. कसू द्यावा का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : आज तरी कसू देऊ नका. आपल्या पत्रात दोन तक्रारी एकत्र आल्या आहेत आणि त्या आधी वेगळ्या केल्या पाहिजेत. स्टेअरिंग फिरवूनही चाके हलत नाहीत, हा झाला खेळ, ज्याला गॅरेजमध्ये प्ले म्हणतात. आपण स्टेअरिंग न हलवताही गाडी आपल्या मनाने दिशा सोडते, हे झाले भटकणे. खेळामुळे गाडी भटकू शकते. परंतु स्टेअरिंगमध्ये अजिबात खेळ नसलेली गाडीही टायर, कॅस्टर (पुढचे चाक ज्या आसाभोवती वळते त्याचा मागचा कल) किंवा मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) यांच्यापायी भटकते, आणि तिथे बॉक्स कितीही कसला तरी उपयोग होत नाही.

आपण जाता जाता लिहिलेल्या टायरच्या वाक्यापाशी मी सर्वाधिक थबकलो. पुढे रेडियल (आतले धागे सरळ आडवे) आणि मागे साधे क्रॉस-प्लाय (धागे तिरपे, एकमेकांना छेदणारे) ही जोडणी चुकीची आहे, आणि ओल्या रस्त्यावर ती धोक्याचीही आहे. रेडियल टायरची पकड अधिक असल्याने पुढची चाके वळतात तितकी मागची साथ देत नाहीत, आणि गाडीचा मागचा भाग सुटल्यासारखा वाटतो. चारही टायर एकाच प्रकारचे असावेत. नक्षी शाबूत असणे हा टायर चांगला असल्याचा पुरावा नव्हे. टायरच्या बाजूवर ठसवलेले चार आकडे वाचा : 2315 असे असेल तर तो टायर 2015 सालच्या 23व्या आठवड्यात बनलेला आहे. असे चार आकडे सापडलेच नाहीत, तर टायर या शतकातला नसण्याचीच शक्यता अधिक. चार टायर सारखे करून आणि थंड असताना हवा मोजून भरल्यावर पुन्हा त्याच रस्त्यावर गाडी चालवून पाहा. तक्रार निम्मी उरली तर मला आश्चर्य वाटणार नाही.

उरलेल्या निम्म्यासाठी एक मदतनीस, एक जुनी सतरंजी आणि अर्धा तास पुरतो. गाडी सपाट जागी चार चाकांवरच उभी ठेवा, जॅक लावू नका. कारण सांध्यांवर गाडीचे वजन असतानाच त्यांची झीज नीट कळते. पुढची चाके सरळ करा, स्टेअरिंगच्या कडेवर चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि डॅशबोर्डवर त्याच्यासमोर एक खूण करा. मदतनीसाने स्टेअरिंग दोन्ही बाजूंना थोडेथोडे, पण झटक्याने हलवत राहायचे, आणि आपण गाडीखाली पाहायचे. पद्मिनीत बॉक्समधून निघणारा ड्रॉप आर्म, बॉक्सच्या विरुद्ध बाजूचा आयडलर (मधल्या रॉडचे दुसरे टोक तोलणारा आर्म), त्या दोघांना जोडणारा मधला रॉड आणि दोन्ही चाकांकडे जाणारे दोन टाय रॉड अशी साखळी असते. या साखळीत हालचाल कुठे हरवते, एवढाच प्रश्न आहे.

बॉक्सपासून सुरुवात करा. स्टेअरिंगचा दांडा फिरतो आहे आणि ड्रॉप आर्म जागचा हलत नाही, तर खेळ बॉक्समध्ये आहे. ड्रॉप आर्म हलतो पण मधला रॉड उशिरा हलतो, तर तो सांधा गेला. प्रत्येक सांध्यावर अंगठा असा ठेवा की निम्मा अंगठा सांध्याच्या टोपीवर आणि निम्मा रॉडवर राहील. डोळ्यांना न दिसणारी टकटक अंगठ्याला जाणवते. आयडलर आडवा हलण्याऐवजी वरखाली डुलत असेल तर त्याचा बुश (सांध्यातली झिजणारी नळी) संपला आहे, आणि माझ्या अनुभवात या गाडीत सर्वाधिक दुर्लक्षित राहणारी जागा हीच. शेवटी खुद्द बॉक्सकडे पाहा. प्रत्येक झटक्याबरोबर अख्खा बॉक्स बॉडीवर सरकत असेल तर त्याचे बोल्ट ढिले आहेत किंवा तिथला पत्रा चिरला आहे. अशा गाडीत स्क्रू कसणे म्हणजे आजार पायाला आणि पट्टी डोक्याला.

यानंतर पुढचे चाक जॅकने उचला, स्टँड लावल्याशिवाय खाली शिरू नका. चाक घड्याळाच्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. ढिलेपणा जाणवला तर मदतनीसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर ढिलेपणा नाहीसा झाला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. तरीही राहिला तर किंग पिन (जिच्याभोवती पुढचे चाक वळते ती पिन) आणि तिच्या बुशचा. किंग पिनला ग्रीस गन नियमाने लागली नसेल, आणि आजकाल ती लावणारी माणसेच कमी झाली आहेत, तर पिन खालच्या बाजूने आधी झिजते. तीन आणि नऊच्या जागी धरून हलवल्यास टाय रॉडचे सांधे बोलतात.

आता मिस्त्रींच्या स्क्रूकडे येऊ. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, त्यामुळे बॉक्समधील वर्म (स्क्रूसारखे आटे असलेला दांडा) मधल्या भागात अधिक झिजते आणि टोकांना जवळपास नवीच राहते. मधला खेळ जावा म्हणून स्क्रू अर्धा फेरा कसला, तर मध्यभागी बरे वाटते आणि वळणावर बॉक्स जाम होऊ लागतो. त्याहून वाईट म्हणजे वळणानंतर स्टेअरिंग आपोआप मागे येईनासे होते. मग चालकाला ते प्रत्येक वेळी हाताने परत आणावे लागते, हात थोडा पुढे जातो, पुन्हा सावरावे लागते, आणि गाडी पूर्वीपेक्षा अधिक भटकते. कसायचेच असेल तर ड्रॉप आर्मपासून रॉड सोडवून, एका वेळी फेऱ्याचा आठवा भाग एवढेच कसावे आणि प्रत्येक वेळी स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून ते कुठे अडकत नाही ना, हे पाहावे. त्याआधी बॉक्समध्ये तेल आहे का तेही बघावे. सील गळते म्हणून तेलाऐवजी ग्रीस ठासण्याची पद्धत जागोजागी दिसते. वर्मने एकदा बाजूला सारलेले ग्रीस वाहून परत येत नाही, आणि वर्म कोरडीच फिरत राहते.

मागचा भाग विसरू नका. पद्मिनीचा मागचा अ‍ॅक्सल पाट्यांवर बसवलेला आहे. यू-बोल्ट ढिले असतील, सेंटर बोल्ट तुटला असेल किंवा शॅकलचे (पाट्याचे टोक बॉडीला जोडणाऱ्या दुव्याचे) बुश संपले असतील तर अ‍ॅक्सल किंचित तिरपा होतो आणि मागची चाकेच गाडी वळवू लागतात. एके काळी गॅसची टाकी बसवताना मागे जादा पाटा घालण्याची पद्धत होती. टाकी निघाली आणि पाटा राहिला असेल तर गाडीची शेपटी उंच राहते आणि पुढचा कॅस्टर कमी होतो. सायकलचा पुढचा चिमटा मागे कललेला असतो म्हणून हात सोडले तरी सायकल सरळ जाते; मोटारीत तेच काम कॅस्टर करतो, आणि तो कमी झाला की सरळ जाण्याची ओढच संपते.

व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणे, या सगळ्यानंतर करावे. झिजलेल्या सांध्यांवर केलेले अलाइनमेंट यंत्राच्या कागदावर अचूक असते आणि पहिल्या खड्ड्यापर्यंत टिकते. पुढची चाके समोरच्या बाजूला किंचित फाकलेली, म्हणजे टो-आउट, निघाली तर तेही भटकण्याचे कारण असते. ते दुरुस्त करताना दोन्ही टाय रॉड सारखे फिरवावेत, नाहीतर स्टेअरिंग वाकडे बसते.

राहिला आपला दोन इंचांचा खेळ. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 98 स्टेअरिंगमध्ये 30 अंशांपर्यंत खेळ चालवून घेतो. 40 सेंटिमीटर व्यासाचे स्टेअरिंग धरले तर कडेवर हे अंतर दहा सेंटिमीटरहून जास्त भरते. आपले दोन इंच म्हणजे 14-15 अंश, तेव्हा नियमाने आपण निर्धास्त आहात. मी मात्र या गाडीत इंचभरापलीकडे जाऊ दिले नसते. सांध्यांना रबरी टोप्या हव्यात, असेही तोच नियम सांगतो. फाटलेली टोपी बदलायला फारसा खर्च येत नाही. ती वेळेवर न बदलल्याने आत गेलेली माती पुढे अख्खा सांधा बदलायला लावते.

प्रश्न : माझी मारुती 800 (2004) सरळ रस्त्यावर ठीक चालते, मात्र ब्रेक मारला की डावीकडे झेपावते आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की उजवीकडे. सहा महिन्यांत तीनदा अलाइनमेंट केले, तरी फरक नाही. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : चौथ्यांदा करू नका. ब्रेक मारताना एका बाजूला आणि वेग देताना दुसऱ्या बाजूला, हे रबरी बुश संपल्याचे ठळक लक्षण आहे. आपल्या गाडीत पुढचा स्टॅबिलायझर बार दुहेरी काम करतो : गाडीचा झोल आवरतो आणि लोअर आर्मला (चाक खालून बॉडीशी जोडणाऱ्या दांड्याला) पुढेमागे जाऊ देत नाही. एका बाजूचा बुश झिजला की ब्रेक मारताना ते चाक मागे आणि वेग देताना पुढे सरकते, आणि त्यासरशी चाकाची दिशा बदलते. अलाइनमेंटचे यंत्र उभ्या गाडीचे माप घेत असल्याने त्याला यातले काहीच दिसत नाही. लोअर आर्म आणि बॉडी यांच्यामध्ये टॉमी (लोखंडी पहार) घालून पुढेमागे रेटून पाहा. एका बाजूला आर्म सहज हलला की उत्तर मिळाले.

बुश दोन्ही बाजूंचे बदला. आर्मचे बोल्ट गाडी खाली उतरवून, तिचे वजन चाकांवर आल्यावर शेवटचे कसायला सांगा. लटकत्या चाकावर कसलेले रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते. कोकणातल्या दमट, खाऱ्या हवेत आर्म जिथे बॉडीला जोडलेला असतो तिथला पत्राही टोकरून पाहायला हवा, कारण गंजलेल्या पत्र्यात नवा बुश काय करणार? बुश ठीक निघाले तर एकाच बाजूचा ब्रेक धरून राहतो का, हे पाहा. दहा-बारा किलोमीटर चालवून थांबल्यावर चाकांजवळ हात नेला की जास्त तापलेले चाक लगेच कळते. चाकाला हात मात्र लावू नका.

प्रश्न : महिंद्राची जुनी एमएम 540 जीप ताशी 50 च्या आसपास खड्ड्यातून गेली की स्टेअरिंग हातात मावेनासे थरथरते आणि गाडी जवळजवळ थांबवल्याशिवाय शांत होत नाही. स्टेअरिंग डॅम्पर (थरथर शोषणारा दांडा) बसवू का? (एक वाचक, जुन्नर)

उत्तर : ही भटकण्याची तक्रार नाही, पण मूळ त्याच झिजलेल्या सांध्यांत असते. सलग अ‍ॅक्सलच्या गाडीत टाय रॉडचे सांधे, पाट्यांचे बुश आणि नकलची (चाकासह वळणाऱ्या भागाची) बेअरिंग यांपैकी एक जरी ढिले झाले, तरी एका चाकाचा झटका दुसऱ्यापर्यंत जातो आणि परत येतो. आधी चाके बॅलन्स करून घ्या, मग वर सांगितलेली झटक्याची तपासणी करा. सांधे चांगले निघाले तर चाक काढून, टाय रॉड सोडवून नकलला ताणकाटा अडकवा आणि ती फिरायला किती ओढ लागते ते मोजा. हात लावताच ती दारासारखी सहज फिरत असेल तर बेअरिंगवरचा दाब गेला आहे आणि शिम (पातळ चकत्या) कमी करून तो परत आणावा लागेल. डॅम्पर त्यानंतर बसवा. आधी बसवलात तर थरथर दबेल, सांधे मात्र आतल्या आत झिजत राहतील.