टॉवेल वेगळा ठेवायचा का?

सोरायसिस (त्वचेवर लाल, पोपडे धरणारे चट्टे उठण्याचा आजार) झालेल्या मुलांचे पालक समुपदेशनाला येतात तेव्हा पहिला प्रश्न बहुधा औषधाचा नसतो. "घरात बाकीच्यांना लागणार नाही ना?" हा असतो. चौथीतल्या एका मुलीची आई हेच विचारायला आली होती (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). मुलीचा घसा दुखून ताप आला आणि दोन-तीन आठवड्यांनी पोटापाठीवर पावसाच्या थेंबांएवढे लाल चट्टे उठले. औषधाच्या दुकानातून गजकर्णाची ट्यूब आणून लावली. अशा ट्यूबमध्ये अनेकदा तीव्र स्टेरॉइड मिसळलेलं असतं, त्यामुळे चट्टे दबले आणि ट्यूब थांबताच जोरात उलटले. त्वचारोगतज्ज्ञांकडे निदान होईपर्यंत आजीने नातीचा टॉवेल, कंगवा, अंथरूण वेगळं केलं होतं.

सोरायसिस लागत नाही. टॉवेलने नाही, एका ताटात जेवून नाही, मिठी मारूनही नाही. शरीराच्या प्रतिकारशक्तीचाच तोल बिघडतो. एरवी महिनाभराने गळणाऱ्या त्वचेच्या पेशी काही दिवसांतच वर येतात आणि त्यांचे थर साचून पोपडे धरतात. घशाचा जंतुसंसर्ग मात्र पसरतो, आणि मुलांमध्ये तोच बऱ्याचदा चट्ट्यांना निमित्त होतो. म्हणून घसा दुखून ताप आला की लगेच डॉक्टरांना दाखवावं. आजीला समजावण्याचं काम आईवर टाकू नये, सुनेचं ऐकलं जाईलच असं नसतं. पुढच्या तपासणीला आजींनाच सोबत न्यावं आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्यावं.

या घरात रोजचं भांडण आंघोळीवरून होतं. पोपडे निघावेत म्हणून आई वज्रीने घासायची. खरचटलेल्या जागी एक-दोन आठवड्यांत नवा चट्टा उठतो, म्हणजे स्वच्छतेच्या नादात आजार वाढत होता. कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटं आंघोळ, सौम्य साबण, अंग चोळण्याऐवजी टिपून घेणं आणि अंग ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली किंवा बिनवासाचं मॉइश्चरायझर, एवढं पुरे. डोक्यातला जाड थर रात्री खोबरेल तेल लावून मऊ करावा, सकाळी हलक्या हाताने विंचरावा. नखाने उचकटू नये. सॅलिसिलिक ॲसिडची औषधं लहान मुलांना आपल्या मनाने लावू नयेत, ते त्वचेतून शरीरात जातं.

डॉक्टरांनी लिहून दिलेल्या स्टेरॉइड मलमाबाबत दोन टोकं दिसतात: कुणी धास्तीने पुसट लावतं आणि "गुण येत नाही" म्हणतं, तर कुणी तीच ट्यूब महिनोन्‌महिने वापरतं. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर मावेल एवढी मलमाची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. मोठ्यांच्या हाताच्या दोन तळव्यांएवढ्या (बोटांसकट) जागेला ती पुरते. चेहरा, काख, जांघ इथे सौम्य मलमच लागतं. किती दिवस लावायचं आणि कसं कमी करायचं, हे चिठ्ठीवर लिहून घ्यावं.

वांगं, दही, मासे, अंडी बंद करून चट्टे जातात याला आधार नाही, वाढत्या मुलीचं पोषण तेवढं घटतं. वजन अवाजवी वाढू न देणं मात्र उपयोगाचं.

शाळेत एका पालकांनी आपल्या मुलीचा बाक बदलून घेतला होता. डॉक्टरांचं दोन ओळींचं पत्र वर्गशिक्षकांना द्यावं आणि बाक पूर्ववत करायला सांगावं. मुलीने घरी एक उत्तर घोकलं: "सोरायसिस आहे, लागत नाही." द्यायचं की नाही ते तिने ठरवायचं, हात झाकायची सक्ती नको.

"कायमचं जाईल ना?" याला खोटं आश्वासन देऊ नये. असे थेंबाएवढे चट्टे अनेक मुलांत काही आठवड्यांत-महिन्यांत ओसरतात, काहींत परततात किंवा मोठे होऊन राहतात. तिच्या लग्नाची चिंता तिच्यासमोर बोलू नये, नऊ वर्षांच्या मुलीला ते सगळं कळतं.

सकाळी सांधे आखडणं, एखादं बोट सुजणं, लंगडणं, अंगभर लाली किंवा तापासोबत पूचे फोड दिसले, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता डॉक्टर गाठावा. स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शन कुणी सुचवलं तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना विचारावं. ती थांबवताना सोरायसिस भडकून असेच पूचे फोड येऊ शकतात.