खाद्यतेलावर आयात शुल्क वाढलं, तरी लातूरला सोयाबीनचा भाव का चढला नाही?

कारण शुल्क तेलावर लागलं आणि सोयाबीनचा भाव ठरतो मुख्यतः पेंडीवर. एक क्विंटल सोयाबीन गाळलं की तेल निघतं साधारण 18 किलो, बाकी जवळजवळ सगळी पेंड, म्हणजे आपल्या आडतीच्या भाषेत डीओसी. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून 20 टक्के केलं, तेल महागलंही. पण त्याच काळात मका-तांदळापासून इथेनॉल काढून उरलेला चोथा (डीडीजीएस) स्वस्तात पशुखाद्यात शिरला आणि पेंडीचा भाव बसला. मग मिलवाला सोयाबीनला जास्त देणार कुठून? त्यात 'साफ्टा' या दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करारामुळे नेपाळमार्गे रिफाइंड तेल बिनशुल्क येत राहिलं. मे 2025 अखेर कच्च्या खाद्यतेलाचं शुल्क 20 वरून 10 टक्क्यांवर आणलं, रिफाइंडचं तसंच ठेवलं. त्याचा फायदा रिफायनरीला, शेतकऱ्याला नाही.

अर्थात शुल्क अगदीच निरुपयोगी नाही, ते नसतं तर भाव आणखी पडला असता. आणि 2024-25 चा 4892 रुपये हमीभाव सरकारी खरेदी केंद्रावरच मिळायचा. मोंढ्यात, म्हणजे बाजार समितीत, ओला माल नेला की ओलाव्याची कपात ठरलेलीच.